दुसऱ्या मजल्याचे दोन किलोवॅट

आमच्या होस्टेलमध्ये फ्यूज नावाची एक मुलगी होती. खरं नाव वेगळंच, पण ते फक्त हजेरीपटावर. पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकलच्या दुसऱ्या वर्षाला होती. वर्गात मुली तीनच, त्यातली ही एक. राग असा नाकावर की कुणी एक शब्द जास्त बोललं की गेलीच उडून. म्हणून फ्यूज. तिची जिवाभावाची मैत्रीण पुस्ती. ती भाषा विषय घेऊन बी.ए. करत होती, बुटकी, शांत आणि अक्षर कित्त्यातल्या पुस्तीसारखं, इतकं देखणं की वॉर्डनबाई होस्टेलच्या नोटिसा तिच्याकडूनच लिहून घ्यायच्या.

आणि मी राणीसरकार. हे नाव मला का पडलं ते सांगायला जिवावर येतं, पण सांगते. मी नर्सिंगला होते. गणवेश पांढराशुभ्र आणि कडक इस्त्रीचा लागायचा, म्हणून मी रुमालालाही इस्त्री करायचे. केस धुतले की ड्रायरने वाळवायचे. मी आंघोळीला गेले की बाहेर दोघी-तिघी दारावर थापा मारत उभ्या असायच्या.

गोष्ट त्या दोघींची आहे. मी त्यात आहे ती एवढ्यासाठी की एका सकाळी फ्यूजने मला सगळ्या होस्टेलसमोर खोटारडी ठरवलं. तरीही आज कुणी होस्टेलच्या दिवसांचा विषय काढला, की मी आधी या दोघींबद्दल सांगते, आणि मान वर करून सांगते.

थंडीचे दिवस होते. चार मजल्यांची इमारत, एकशेवीस मुली. सकाळचे साडेसहा वाजले की जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत ‘खट्’ असा आवाज व्हायचा आणि सगळं ठप्प. कुणाच्या डोळ्यांत साबण, कुणाची इस्त्री अर्ध्या बाहीवर, कुणी किटलीत चहाची पूड टाकून बसलेली. मग चारही मजल्यांवरून एकच ओरडा, “काकाऽऽ!” वॉचमनकाका बॅटरी घेऊन यायचे, मेन स्विच वर करायचे. पाच मिनिटांनी परत खट्.

शेवटी वायरमन बोलावला. त्याने मीटरच्या खोलीत पंधरा मिनिटं काढली आणि बाहेर येऊन वॉर्डनबाईंना सांगितलं, “केबल जुनी आहे. तिला चाळीस किलोवॅट झेपतात. तुमच्या मुली पंचेचाळीस ओढतायत. स्विच पडतोय म्हणून वाचलात, बाई. एखाद दिवशी नाही पडला, तर केबलच जळेल.” नवी केबल टाकायची तर सगळी इमारत रिकामी हवी, म्हणजे थेट सुट्टीतच.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर नोटीस लागली. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते आठ, खोल्यांमधली वीज बंद. परीक्षा दोन आठवड्यांवर आली होती. नोटीस अर्थातच पुस्तीच्या सुंदर अक्षरात होती, त्यामुळे मुलींनी आधी तिच्याचकडे डोळे वटारले.

फ्यूज तावातावाने ऑफिसात गेली. पुस्ती तिच्या मागे, आणि ऑफिसच्या दाराबाहेर आम्ही दहा-बाराजणी कान देऊन.

“बाई, हा काय उपाय झाला? दात दुखतो म्हणून तोंडच शिवून टाकायचं का?”

“तुझ्याकडे दुसरा उपाय आहे?” बाईंनी चष्म्यावरून पाहत विचारलं.

“आहे!”

“काय?”

उपाय नव्हताच तिच्याकडे, नुसता राग होता. तेवढ्यात मागून पुस्तीचा आवाज आला. “बाई, आम्हाला दोन आठवडे द्या. कुठे किती वीज जाते ते आम्ही शोधून काढतो. नुसतं बंद करण्यापेक्षा कुठे वाया जाते ते कळलं तर बरं ना?”

बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “परीक्षेच्या पहिल्या दिवशी सकाळी मी स्वतः मीटरपाशी उभी राहीन. त्या दिवशी स्विच पडला तर नोटीस लागू. मग माझ्याकडे कुणीही रडत यायचं नाही.”

बाहेर आल्यावर फ्यूज पुस्तीला म्हणाली, “मी ‘आहे’ म्हणाले तेव्हा तुला हसू येत होतं ना?”

“खूप,” पुस्ती म्हणाली.

त्याच दिवशी कामाला सुरुवात झाली. जिन्याखाली पाच मीटर होते. चार मजल्यांचे चार, आणि एक स्वयंपाकघराचा व पाण्याच्या पंपाचा. मीटरचं बटण दाबलं की त्या क्षणी किती किलोवॅट चाललेत तो आकडा काचेत दिसायचा. सकाळचं काम फ्यूजने घेतलं, संध्याकाळचं पुस्तीने. दर दहा मिनिटांनी पाचही आकडे वहीत. सहा वाजता फ्यूज कानाला मफलर गुंडाळून खाली उतरायची आणि त्या गारठलेल्या खोलीत दीड-दोन तास उभी राहायची. आम्ही येता-जाता तिला ‘मीटरवाल्या बाई’ म्हणून चिडवायचो.

दुसरं काम होतं खोल्यांमध्ये जाऊन कोण काय वापरतं ते लिहायचं. पहिल्या दिवशी ते फ्यूजने केलं आणि सगळा विचका झाला. ती दार ढकलून आत शिरायची आणि विचारायची, “किटली आहे? किती वॉटची? लपवू नकोस, वायर दिसतेय.” मुली काय मूर्ख होत्या? पाचव्या खोलीपर्यंत बातमी पुढे पोहोचली आणि सहाव्या खोलीपासून कुणाकडेच काही नव्हतं. एका मुलीने तर किटली उशीखाली सरकवली होती आणि त्या उशीतून वाफ येत होती!

दुसऱ्या दिवसापासून खोल्या पुस्तीकडे आल्या. ती कॉटच्या कडेला बसायची. आधी परीक्षेची चौकशी, मग घरची. मग हळूच, “सकाळी उठल्यावर पहिल्यांदा काय लावतेस गं?” माझ्याकडे आली तेव्हा मी सगळंच सांगून टाकलं. इस्त्री, ड्रायर, टेबललॅम्प, आणि उशाशी चोवीस तास लावून ठेवलेला मोबाइलचा चार्जरसुद्धा. तिने आमच्या खोलीचं एक कार्ड केलं आणि त्यावर माझं नाव इतकं छान लिहिलं की खोटं बोलायची सोयच उरली नाही. “ड्रायर पंधराशे वॉटचा आहे,” ती नुसतं म्हणाली. ‘वापरू नकोस’ असं म्हणालीच नाही. मी दुसऱ्या दिवशी तो बॅगेत टाकला आणि टॉवेलने केस खसाखसा पुसायला लागले. चार दिवसांत सर्दी झाली, ती गोष्ट वेगळी.

आठवड्याभरात जे बाहेर आलं, त्याने आम्ही सगळ्याच चाट पडलो. आम्हाला वाटायचं, वीज आपल्या दिव्यांनी आणि रात्रीच्या अभ्यासाने खाल्ली. प्रत्यक्षात बाथरूममधले सोळा गीझर दिवसभर चालू असायचे, रिकाम्या बाथरूममध्ये पाणी तापवत. ते आता आंघोळीपुरतेच लावायचे असं ठरलं. स्वयंपाकघरातल्या फ्रिजच्या दाराचं रबर फाटलं होतं. फ्यूजने दारात कागदाचा कपटा अडकवला, दार लावलं आणि कपटा अलगद ओढून काढला. “मावशी, हा कागद जसा बाहेर येतो तसाच गारवा बाहेर जातोय. तुमचा फ्रिज सगळं स्वयंपाकघर गार करायला निघालाय.” स्वयंपाकाच्या मावशींना आधी राग आला, मग त्यांनी स्वतःच कपटा चार ठिकाणी लावून पाहिला आणि दुपारी बाईंच्या मागे लागून नवं रबर आणवलं.

पंपाची तर गंमतच झाली. तो एकटा चार किलोवॅट घ्यायचा आणि वॉचमनकाका तो नेमका साडेसहाला लावायचे. फ्यूज त्यांना सांगायला गेली आणि भांडून आली. “वीस वर्षं साडेसहाला लावतोय, आता तू मला शिकवणार?” काका म्हणाले. संध्याकाळी पुस्ती गेली. तिने एवढंच विचारलं, “काका, साडेसहाच का हो?” तेव्हा कळलं की काकांची पाळी सात वाजता संपायची आणि दिवसाचा वॉचमन पंप लावायला हमखास विसरायचा. पाणी गेलं की शिव्या काकांनाच. म्हणून ते बिचारे स्वतःच्या पाळीत लावून मोकळे व्हायचे. मावशी म्हणाल्या, “दहा वाजता माझा चहा होतो, मी लावत जाईन की.” वीस वर्षांचा प्रश्न एका कप चहाच्या वेळेत सुटला.

रविवारी सगळ्यांनी बादल्या घेऊन खिडक्या धुतल्या, वऱ्हांड्यातल्या ट्यूबची झाकणं काढून पुसली. एकेका झाकणात वाडगाभर मेलेले किडे निघाले. झाकणं परत बसवल्यावर एवढा उजेड पडला की फ्यूजने दर दोन ट्यूबमधली एक काढून टाकली, तरी कुणाला कमी वाटलं नाही. अभ्यासाची टेबलं भिंतीपाशी होती, ती खिडक्यांकडे फिरवली. दुपारचे दिवे आपोआप बंद झाले.

आणि इस्त्री. सकाळी एकाच वेळी पंधरा-वीस इस्त्र्या तापायच्या. पुस्तीने ठरवलं, संध्याकाळी जेवणानंतर खालच्या हॉलमध्ये दोन टेबलं, दोन इस्त्र्या, आणि सगळ्यांचे कपडे लागोपाठ. तापलेली इस्त्री तापलेली असतानाच दहाजणींचं काम उरकायचं. “या कामाला कुणी जाणकार हवं,” ती माझ्याकडे बघत म्हणाली. अंगावर मूठभर मांस चढलं माझ्या! मी रोज संध्याकाळी एकीकडे नाक पुसत आणि दुसरीकडे कॉलर कशी ओढायची ते शिकवत उभी राहायला लागले.

मेन स्विच पडायचा थांबला. आठव्या दिवसापासून तो एकदाही पडला नाही. पण दुसऱ्या मजल्याचा, म्हणजे आमच्या मजल्याचा, छोटा स्विच मात्र दर एक-दोन दिवसांनी पडतच होता. तो पडला की आमचे गीझर जायचे आणि मजल्यावरच्या मुली पहिल्या नाहीतर तिसऱ्या मजल्यावर आंघोळीला धावायच्या. तिथला भार वाढायचा. म्हणजे सगळी मेहनत एका मजल्यापायी पाण्यात जायची वेळ आली होती.

फ्यूजच्या वहीत सरळ दिसत होतं. सहाच्या पहिल्या नोंदीपासूनच दुसऱ्या मजल्याचा आकडा इतर मजल्यांपेक्षा दोनने वर असतो आणि शेवटच्या नोंदीपर्यंत तसाच राहतो. दोन किलोवॅट म्हणजे थोडं थोडकं नाही. कुणीतरी काहीतरी लपवून वापरत होतं.

बुधवारी-गुरुवारी फ्यूजला वर्गाबरोबर कारखाना बघायला बाहेरगावी जावं लागलं. त्या दोन सकाळी पुस्तीने मीटर सांभाळला. शुक्रवारी सकाळी फ्यूज परत मीटरपाशी, आणि सहा चाळीसला आमचा स्विच पडला.

ती तशीच नाश्त्याच्या हॉलमध्ये आली. मी ब्रेडला लोणी लावत होते. केस ओले होते आणि नाक लाल.

“राणीसरकार, ड्रायर कुठाय?”

“बॅगेत. का?”

“खोटं बोलू नकोस. दुसऱ्या मजल्यावर दोन किलोवॅट कोण खातंय ते काय मला कळत नाही? आम्ही तिथे थंडीत मरतोय आणि तुला केस वाळवायचे आहेत!”

साठ-सत्तर तोंडं माझ्याकडे वळली. “माझे केस बघ,” मी म्हणाले. “हे वाळवलेले दिसतात तुला?”

“नाटकं पुरे. एका मुलीच्या चैनीपायी सगळ्या होस्टेलची परीक्षा अंधारात जाणार आहे, एवढं लक्षात ठेव.”

मी ताट तिथेच ठेवून उठले. कॉलेजला गेले, पण दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. दुपारी परत आल्यावर मी रागाने खोलीतला एकूण एक दिवा लावला, पंखासुद्धा लावला, भर थंडीत, आणि पांघरूण घेऊन बसले. म्हटलं, आता बघा चैन. दहा मिनिटांत मलाच माझी लाज वाटली. उठून सगळं बंद केलं.

त्याच दुपारी जिन्याखाली काय घडलं ते मला नंतर दोघींनी वेगवेगळं सांगितलं, आणि दोघींचं सांगणं जुळलं. पुस्तीने फ्यूजला तिथे बोलावून घेतलं आणि वही समोर ठेवली.

“बुधवार बघ. गुरुवार बघ. दुसरा मजला.”

“नऊ... नऊ... साडेनऊ. वाढलेलंच नाही. मग? राणीसरकारने दोन दिवस केस धुतले नसतील.”

“ती दोन्ही दिवस इथेच होती. मजल्यावरच्या सगळ्याजणी इथेच होत्या,” पुस्ती म्हणाली. “एक सोडून.”

फ्यूजला कळेना. पुस्तीने कार्डांचा गठ्ठा काढला. “दुसऱ्या मजल्यावर खोल्या पंधरा. कार्डं चौदाच आहेत. चूक माझीही आहे. तुझ्या खोलीत मी रोज बसते, पण तुझं कार्ड करायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.”

फ्यूजच्या खोलीत एक हीटर होता. तिची खोलीतली जोडीदारीण महिनाभर प्रशिक्षणाला गेली होती, म्हणून तो फारसा कुणाच्या डोळ्यांवर आला नव्हता. फ्यूजचे वडील लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचे. ती पहिल्यांदा होस्टेलला निघाली तेव्हा त्यांनी जुन्या सामानातून, स्वतःच्या हातांनी तो बनवून दिला होता, कारण लहानपणी तिला थंडीत दम लागायचा. सकाळी मीटरपाशी जाताना ती तो लावून जायची. परत येईपर्यंत खोली उबदार होईल आणि गारठलेली बोटं जरा सैल पडतील, म्हणून. तिच्या डोक्यात ती ‘वापरलेली वीज’ नव्हतीच. ते तिच्या बाबांनी दिलेलं काहीतरी होतं.

ती भडकलीच. “माझा हीटर? दोन आठवडे मी तिथे गोठतेय, आणि तू माझ्यावर नजर ठेवतेस? तू माझी मैत्रीण आहेस की त्या सगळ्यांची?”

“मैत्रीण आहे म्हणून तुला एकटीला बोलावलं. नाहीतर सकाळीच, तिथल्या तिथे, तिच्यादेखत वही उघडली असती.”

“मग उघडायची होतीस!”

“वाटलं होतं. ती उठून गेली तेव्हा फार वाटलं,” पुस्ती म्हणाली. “पण मला आधी खात्री करून घ्यायची होती. आणि सगळ्यांना सांगायचंच असेल, तर ते तू सांगावंस असं मला वाटतं. मी सांगितलं तर तू पकडली गेलीस असं होईल.”

फ्यूज ताडकन उठून वर गेली. हीटर लावला, दोन जिने उतरून मीटर पाहिला. मग वर जाऊन हीटर बंद केला, परत खाली. असं तिने तीनदा केलं. पुस्ती तिथेच पायरीवर बसून होती. फ्यूज तिच्यासमोरून धापा टाकत जात होती, येत होती. तिसऱ्या खेपेला ती मीटरच्या काचेपाशी उभी राहिली ती हललीच नाही.

“दोन पूर्णांक एक,” ती शेवटी म्हणाली. “आणि ते पण रिकाम्या खोलीत.” मग पुस्तीशेजारी पायरीवर बसली आणि ओंजळीत तोंड लपवून रडली. पुस्तीने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

संध्याकाळी साडेसात वाजता आम्ही सगळ्या जेवायला बसलो होतो. फ्यूज हॉलमध्ये आली, हातात हीटर. तिने तो मधल्या टेबलावर ठेवला. लाकडी चौकटीत चिनीमातीच्या कांडीवर गुंडाळलेली जाडजूड तार, पुढे जाळी, पाहताना एखाद्या जुन्या रेडिओसारखा.

“हे दोन किलोवॅट,” ती म्हणाली. “दुसऱ्या मजल्याचे. माझ्या खोलीतले. सकाळी मी हिला सगळ्यांसमोर बोलले, म्हणून आता सगळ्यांसमोरच सांगते. चोरी माझी होती. कळून-सवरून केली नाही हे खरं, पण मी तुमच्या एकेकीच्या खोलीत शिरून विचारत होते आणि स्वतःच्या खोलीत मात्र बघितलं नाही. राणीसरकार, माझं चुकलं. फार चुकलं.”

तिचे कान लालबुंद झाले होते. एवढ्या माणसांसमोर मान खाली घालणं सोपं नसतं. त्यातून ती फ्यूज! दारापाशी पुस्ती उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि मला आश्चर्य वाटलं. तिचा चेहरा असा उजळला होता, जणू मैत्रिणीला सुवर्णपदक मिळत होतं.

मी उठले. रागाने बरंच काही बोलायचं ठरवलं होतं, पण हीटरजवळ गेले आणि तोंडून भलतंच निघालं. “बघू तरी, कशापायी माझी अब्रू गेली ते. ईऽ! हे? निदान दिसायला तरी बरं असायचं!”

आधी एक हसली, मग दहा, मग अख्खा हॉल. फ्यूज हसत होती आणि डोळे पुसत होती. मी माझ्या बाकावर थोडी सरकले आणि म्हणाले, “बस. जेवण निवतंय.”

दुसऱ्या दिवशी तिने वडिलांना फोन केला. त्यांना वाईट वाटेल म्हणून तिची फार घालमेल होत होती. आम्ही दोघी जवळच उभ्या होतो. तिने सगळं सांगितलं. पलीकडून एवढं मोठं हसू आलं की आम्हालाही ऐकू आलं. “अगं, ते अजून चालतंय? मला वाटलं, पहिल्याच थंडीत जळालं असेल! ते मी तुला हॉलच्या मापाचं करून दिलं होतं गं, खोली एवढीशी असेल हे कुठे माहीत होतं?” मग म्हणाले, “आणि काय गं, तू सगळ्यांसमोर कबूल केलंस?”

“हो, बाबा.”

“मग आता तुझ्या आईला फोन देतो. मला जरा बसू दे.”

फ्यूजने फोन कानाला तसाच धरून आमच्याकडे पाठ फिरवली.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी सकाळी सहा वाजता वॉर्डनबाई शाल गुंडाळून मीटरच्या खोलीत हजर. फ्यूज, पुस्ती, काका, आणि दारात आम्ही. मी आता दुसऱ्या मजल्याच्या गीझरांची मुख्य होते. एका वेळी दोनच, प्रत्येकीला सात मिनिटं, आणि मी स्वतः सहा मिनिटांत बाहेर आले होते, याची नोंद कुणीतरी घ्यावी. सव्वासहाला आकडा अठ्ठावीस. साडेसहाला एकतीस. वरच्या मजल्यांवर नळांचा आवाज, पावलांची धावपळ. सहा पस्तीसला बत्तीस. बाईंची नजर स्विचवरून हलत नव्हती. पावणेसातला परत एकतीस. सातला चोवीस. आठ वाजता बाई म्हणाल्या, “मला चहा पाहिजे,” आणि बाहेर पडल्या.

जाता जाता त्यांनी फळ्यावरची नोटीस काढली, घडी घातली आणि पर्समध्ये टाकली. दुपारी आम्ही पेपर देऊन आलो, तेव्हा अभ्यासिकेच्या दारावर एक कागद लावलेला होता. बाईंच्या स्वतःच्या, वाकड्यातिकड्या अक्षरात. ‘होस्टेलच्या मुलींनी जे करून दाखवलं त्याचा मला अभिमान आहे.’ खाली सही. पुस्ती बराच वेळ तो कागद वाचत उभी होती.

परीक्षा संपल्यावरच्या सोमवारी मुलांच्या होस्टेलचे रेक्टर आमच्या ऑफिसात आले. त्यांचाही स्विच पडत होता. “ती इलेक्ट्रिकलची हुशार मुलगी पाठवा जरा,” ते बाईंना म्हणाले. “वायरिंग बघून देईल.”

बाईंनी फ्यूजला बोलावलं. ती आली, ऐकून घेतलं आणि म्हणाली, “सर, एकटी येऊन उपयोग नाही. वायरिंग मला कळतं, पण तुमच्याकडे भांडण वायरिंगचं नसणार. माणसं हिला कळतात.” आणि तिने दाराबाहेर उभ्या असलेल्या पुस्तीचा हात धरून तिला आत ओढलं. पुस्ती लाजेने लाल झाली. भाषेची विद्यार्थिनी, तिला मीटरच्या कामासाठी कुणी बोलवायला येईल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं.

रेक्टरांनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. “बरं, दोघी या. उद्या चार वाजता?”

“साडेतीनला,” पुस्ती म्हणाली. “आधी तुमच्या वॉचमनशी बोलायचंय.”

दुसऱ्या दिवशी साडेतीनला त्या दोघी आमच्या फाटकातून निघाल्या. फ्यूजच्या हातात टेस्टर, पुस्तीच्या हातात कोऱ्या कार्डांचा गठ्ठा. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. शेजारी उभ्या असलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलीने विचारलं, “ताई, त्या कोण?”

“आमच्या होस्टेलच्या आहेत,” मी म्हणाले, आणि मुद्दामच जरा मोठ्याने म्हणाले. “माझ्या मैत्रिणी.”